डोंगरगावचा वाचक आणि त्याचे आवडते पुस्तक

वाचकांचे आवडते लेखक कोण आणि त्यांची सर्वांत लाडकी पुस्तके कोणती, हा प्रश्न आपल्याकडे वरचेवर विचारला जातो. नियतकालिके वाचकांचा कौल घेतात, ग्रंथविक्रेते खपाच्या याद्या प्रसिद्ध करतात, साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात कोणत्या दालनापुढे गर्दी झाली याची चर्चा होते. ‘ययाती’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘व्यक्ती आणि वल्ली’ ही नावे अशा याद्यांत वर्षानुवर्षे आढळतात. आणि ती आढळावीत हे योग्यच होय. परंतु या याद्या तयार होतात त्या पुस्तक विकत घेणाऱ्यांच्या आणि ग्रंथालयाची वर्गणी भरणाऱ्यांच्या पसंतीवरून. जेथे पुस्तकाचे दुकान हाकेच्या अंतरावर नाही आणि पुस्तकासाठी वेगळा पैसा काढून ठेवणे ही गोष्ट सहज परवडणारी नाही, तेथील वाचकाची आवड कोणत्या यादीवरून ओळखावी? पुणे जिल्ह्यातील तळेघर आणि त्याच्या आसपासची गावे डोळ्यांपुढे ठेवून हा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर नेहमीच्या याद्यांपेक्षा बरेच निराळे येते.

तळेघर हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाकडील गाव. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता ज्या डोंगरी मुलखातून चढतो, त्या मुलखात ते वसले आहे. महादेव कोळी समाजाची वस्ती, दूरदूर विखुरलेल्या वाड्या, भाताची खाचरे, उतारावरची नाचणी व वरई, आणि रानातला हिरडा. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा पट्टा असल्याने पावसाळा येथे नुसता ऋतू नसून वर्षाचे वेळापत्रकच असतो. आवणीच्या दिवसांत कोणालाही कागदाकडे पाहण्यास सवड नसते. उन्हाळ्यात हिरडा गोळा करण्याची धांदल असते. तालुक्याची कचेरी आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावी आहे, तर मोठी बाजारपेठ त्याही पलीकडे, मंचरला. कचेरीच्या कामासाठी वा बाजारासाठी खाली उतरलेला माणूस पिशवीत बी-बियाणे, औषध व कापड घालून परत येतो. त्या पिशवीत पुस्तक असलेच, तर ते बहुधा मुलाच्या परीक्षेचे असते.

एवढ्यावरून या भागात वाचक नाही असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक ठरेल. वाचक म्हणजे एकटा बसून डोळ्यांनी वाचणारा, ही व्याख्या शहरी आणि अलीकडची आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत शतकानुशतके एकजण वाचीत असे आणि वीसजण ऐकत. त्या वीसजणांनाही पुस्तकाचे वाचकच मानले पाहिजे.

पोथी लावण्याची प्रथा

श्रावणात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लावण्याची प्रथा महाराष्ट्राच्या बहुतेक सर्व भागांत होती व अनेक ठिकाणी अद्यापही आहे. शेतीच्या कामांना थोडा विसावा मिळालेला असे, बाहेर पाऊस कोसळत असे, आणि दिवेलागणीनंतर गाव एकत्र बसे. एकजण ओवी वाची. दुसरा जाणता माणूस तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगे. अर्थ सांगणारा जितका रसाळ, तितकी बैठक मोठी. या प्रथेने ज्या लेखकाला घराघरांत पोहोचविले तो म्हणजे श्रीधर. त्याचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील. यांपैकी ‘शिवलीलामृत’ १७१८ मध्ये पूर्ण झाले आणि ते याच पुणे जिल्ह्यातील बारामती येथे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या भीमाशंकराच्या वाटेवरील गावांना शिवकथांचा हा ग्रंथ जवळचा वाटावा, यात नवल नाही.

श्रीधराला विद्वानांच्या दरबारात ज्ञानेश्वर, एकनाथांच्या पंक्तीचे स्थान मिळाले नाही. त्याची भाषा सोपी, कथेला वेग, वर्णने ठसठशीत, आणि करुण प्रसंगी तो श्रोत्याला रडविल्याखेरीज पुढे जात नाही. समीक्षकांना जे गुण किरकोळ वाटले, नेमके तेच ऐकणाऱ्याला हवे होते. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हते अशा माणसालाही कर्णाचे दान, हरिश्चंद्राचा छळ आणि चांगुणेचे बाळ या कथा तपशीलवार माहीत असत, त्याचे श्रेय या लेखकाकडे जाते. तीन शतके टिकलेली ही लोकप्रियता कोणत्याही खपाच्या यादीत मावणारी नाही.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात वारकरी परंपरेची छाप ठळक आहे. ज्ञानदेवांनी ज्या रेड्याच्या मुखी वेद वदविले अशी आख्यायिका आहे, त्याची समाधी या तालुक्यातील आळे येथे दाखविली जाते. गावोगावच्या सप्ताहांत ज्ञानेश्वरीचे पारायण होते आणि कीर्तनकाराच्या तोंडून तुकोबांचे अभंग ऐकू येतात. तुकारामांच्या अभंगांची गाथा मुंबई सरकारने १९५० मध्ये प्रकाशित केली, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे. शासकीय प्रकाशन म्हटले की अहवाल आणि परिपत्रके डोळ्यांपुढे येतात. पण लोकांना मनापासून हवे असलेले पुस्तक शासनाने काढले, तर लोक ते डोक्यावर घेतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांनाही असाच वाचक लाभला. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारी कष्टकरी माणसे परत जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. वाचनाची आवड उत्पन्नावर अवलंबून असते असे मानणाऱ्यांनी ते दृश्य एकदा अवश्य पाहावे.

बेचाळीस रात्री

आधुनिक मराठी लेखकांपैकी ही ऐकण्याची वाट ज्याला सर्वांत चांगली सापडली, तो लेखक म्हणजे साने गुरुजी. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पुस्तकातील विभागांना प्रकरण असे न म्हणता रात्र म्हटले आहे, आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातील सोबत्यांना श्याम दररोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो व ते ऐकतात. म्हणजे हे पुस्तक छापले गेले तरी त्याचा बाज पोथीचाच राहिला. एका बैठकीत एक रात्र संपते, ऐकणाऱ्याला उद्याची ओढ लागते आणि वाचणाऱ्याचा घसा बसत नाही. भाषेत कोठेही अडखळण्यासारखा शब्द नाही. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. परंतु चित्रपटाने पुस्तकाची जागा घेतली नाही.

या पुस्तकावर आक्षेप घेणारेही आहेत. ते फार भावविवश आहे, कोकणातील एका विशिष्ट घरातील संस्कारांचे त्यात उदात्तीकरण आहे, डोंगरातल्या आदिवासी मुलाचा त्या घराशी काय संबंध, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तथापि घरातील दारिद्र्य, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान, आजारी आई आणि तिच्यापासून दूर शिकायला गेलेला मुलगा, या गोष्टी कोणत्याही एका जातीच्या नाहीत. आश्रमशाळेत राहून शिकणाऱ्या मुलाला घरची आठवण म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पुस्तकाचे खरे नुकसान आक्षेपकांनी केलेले नसून उपदेशकांनी केले आहे. प्रत्येक रात्रीअखेर ‘यावरून आपण काय शिकलो’ असे विचारणारा शिक्षक श्यामच्या आईला पाठ्यक्रमातील धडा करून टाकतो. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ कोणी काहीच न बोलणे, हेच तिचे उत्तम स्वाध्याय होय.

कपाटातील आणि कपाटाबाहेरील लेखक

पोथी ऐकत वाढलेला श्रोता पुढे स्वतः वाचू लागला, म्हणजे तो कोणत्या पुस्तकाकडे वळेल याचा अंदाज करणे कठीण नाही. ‘पांडवप्रताप’ कानावरून गेलेल्या माणसाला शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही १९६७ ची कादंबरी जाडजूड असली तरी परकी वाटत नाही, कारण कर्ण त्याच्या ओळखीचा असतो. शिवनेरीच्या परिसरातील तरुणाला रणजित देसाईंचे ‘श्रीमान योगी’ हाती धरावेसे वाटते, कारण त्यातील गड त्याने पाहिलेला असतो. आधी ओळख, मग वाचन, असा हा क्रम आहे. ग्रंथनिवड करणाऱ्यांनी तो उलटा करू पाहिला की पुस्तके कपाटात पडून राहतात.

बाबूराव अर्नाळकरांचा उल्लेख अशा लेखांत सहसा केला जात नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ हे नायक महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी जागरणे करून वाचले. शाळेत ते जप्त होत. पुढे भारदस्त ग्रंथ वाचणाऱ्या अनेकांची वाचनाची गोडी याच पुस्तकांपासून सुरू झाली, ही गोष्ट ग्रंथनिवड समितीच्या बैठकीत कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत मात्र एक पुस्तक आग्रहाने सुचवावेसे वाटते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ ची कादंबरी आहे. औंध संस्थानातील एक कोवळा शिक्षक माणदेशातील धनगरांच्या वाडीवर नेमला जातो. तेथे शाळा आहे पण मुले नाहीत, कारण मुले मेंढरांमागे गेलेली असतात. डोंगरी वस्तीवर पहिल्यांदाच रुजू होणाऱ्या शिक्षकाला प्रशिक्षणाच्या टिपणांतून जे कळणार नाही, ते या छोट्याशा पुस्तकातून कळते. गाव आपले होईपर्यंत गावाला शिकविता येत नाही, हे माडगूळकरांनी एकही उपदेशपर वाक्य न लिहिता दाखविले आहे.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या लेखकाने ती लिहिली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा तिचा नायक सह्याद्रीच्या कडेकपारीतील वाचकाला आपल्याच आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून उठून आल्यासारखा वाटतो. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांच्या जीवनावरील कादंबरी. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात, ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव बुडाले. हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव असलेल्या या जलाशयाच्या काठावरील वाचकाला ‘झाडाझडती’ ही कोणा दूरच्या माणसांची कहाणी वाटणार नाही. प्रकल्पाशी संबंधित अधिकाऱ्यांनीही ती वाचावी. फायलीतील ‘खातेदार’ या शब्दामागे काय असते ते त्यांना त्यात दिसेल.

जे पुस्तक मागितले जाते पण मिळत नाही

येथपर्यंत जी पुस्तके सांगितली ती सर्व इतर मुलखांची आहेत. तळेघरच्या डोंगरातील माणसाचे स्वतःचे पुस्तक कोणते?

याच परिसरातील जांभोरी गावचा होन्या भागोजी केंगले याने १८७३ मध्ये माणसे जमवून सावकारांविरुद्ध उठाव केला. कर्जाच्या कागदांनी आणि खोट्या हिशेबांनी नाडलेल्या कोळ्यांचा तो पुढारी होता. तीन वर्षे इंग्रज पोलिसांना त्याने दाद दिली नाही. १८७६ मध्ये तो पकडला गेला. ही हकिगत १८८५ च्या इंग्रजी पुणे गॅझेटियरमध्ये नमूद आहे. पण ती लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने तो दरोडेखोर होता. गावाला त्याची गोष्ट आपल्या बाजूने आणि आपल्या भाषेत हवी असते. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे सुपुत्र डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळी व महाराष्ट्रातील इतर आदिवासी यांच्या जीवनावर आयुष्यभर अभ्यासपूर्ण लेखन केले. या मुलखातील ग्रंथालयाच्या, आश्रमशाळेच्या आणि पंचायतीच्या कपाटात त्यांची पुस्तके पहिल्या फळीवर असावयास हवीत. आपल्या पूर्वजांविषयी छापलेले आहे हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याचा छापील पानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो.

तोंडी असलेले कागदावर आले नाही तर काय गमावले जाते, याचे मोठे उदाहरण खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत, आणि त्यांतील काही मुलगा सोपानदेव व इतर आप्त लिहून ठेवीत. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या आणि १९५२ मध्ये त्यांची कविता आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. आज त्या मराठीतील सर्वांत लाडक्या कवींपैकी एक आहेत. ती वही राहिली नसती, तर महाराष्ट्राला हे नावच कळले नसते. पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हॅं यांनी १९८० च्या दशकापासून डोंगरी गावांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला आणि सहकाऱ्यांच्या साहाय्याने हा संग्रह एक लाखावर नेला. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर या ओव्याही गेल्या असत्या.

पुस्तक गावापर्यंत कसे जाते

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांना अनुदान दिले जाते. राज्यात हजारो ग्रंथालये या आधारावर उभी राहिली. त्यांतील गावपातळीवरची बहुसंख्य ग्रंथालये लहान आहेत, आणि ग्रंथखरेदी करताना त्यांच्यापुढे नेहमी एकच पेच असतो: रक्कम थोडी आणि सूचिपत्र लांबलचक. अशा वेळी जी पुस्तके सवलतीत मिळतात ती घेतली जातात. देवघेव नोंदवहीत मग त्यांचीच नोंद होते, आणि वर्षअखेर ती पाहून वाचकांना काय आवडते याचा अहवाल तयार होतो. वस्तुतः ती नोंदवही वाचकाने काय नेले एवढेच सांगते. त्याने काय मागितले आणि तो रिकाम्या हाताने का परतला, हे तीत लिहिलेले नसते.

दुसरा अडसर कुलपाचा आहे. पुस्तक हरवले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने शाळेतील कपाट बंद राहते. जीर्ण आणि गहाळ पुस्तकांची नोंद घेऊन ती रीतसर कमी करण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कोऱ्या करकरीत पुस्तकांबद्दल शाबासकी देण्याऐवजी त्यांबद्दल खुलासा मागितला, तर पुष्कळ कपाटे उघडतील.

वाचक पुस्तकापर्यंत येत नसेल, तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा विचार नवा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यात फिरत्या ग्रंथालयांची लाकडी पेट्यांची योजना होती. निवडक पुस्तकांनी भरलेली पेटी खेड्यात जाई, ठरावीक मुदतीने परत येई आणि तिच्या जागी दुसरी जाई. अलीकडच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पेटीचीच कल्पना यशस्वी करून दाखविली आहे. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरील भिलार हे ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे पुस्तके एका इमारतीत न ठेवता गावकऱ्यांच्या घरांत व देवळांत विषयवार ठेवली गेली. भिलारला पर्यटकांचा राबता आहे, तळेघरच्या वाड्यांना तो नाही, म्हणून ती योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण घर हेच ग्रंथालय ही तिच्यातील गोष्ट विखुरलेल्या वाड्यांसाठी फार उपयोगाची आहे. पावसाळ्यात ओढे भरले की वरच्या वाडीचा माणूस खालच्या ग्रंथालयात येऊ शकत नाही. मृग लागण्यापूर्वी वाडीवरील एखाद्या घरी वीस-पंचवीस पुस्तकांची पेटी पोहोचती केली, तर ती दिवाळीपर्यंत पुरते.

त्या पेटीत काय असावे हे घोडेगावात किंवा पुण्यात बसून ठरवू नये. मोठ्या टायपातील ‘शिवलीलामृत’ आणि ‘श्यामची आई’ असावे, ‘फकिरा’ व ‘बनगरवाडी’ असावी, डॉ. गारे यांचे एखादे पुस्तक असावे, मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’चे अंक असावेत, आणि लाज न बाळगता दोन-तीन रहस्यकथाही असाव्यात. पेटीत एक कोरी वहीही ठेवावी. तिच्या अर्ध्या भागात ज्याला जे पुस्तक हवे होते पण मिळाले नाही त्याचे नाव लिहावे; नाव माहीत नसेल तर विषय लिहावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीने शाळेतील मुलांनी लिहावे. उरलेल्या अर्ध्या भागात त्याच मुलांनी होन्याच्या गोष्टी, आवणीची गाणी आणि आजीच्या ओव्या, जशा सांगितल्या जातात तशा, बोली न बदलता उतरून घ्याव्यात व खाली सांगणाऱ्याचे नाव आणि वाडी घालावी. पेटी परत येईल तेव्हा ग्रंथनिवड समितीने सूचिपत्र उघडण्यापूर्वी ही वही वाचावी.